परसदारचं पाणी

ॲमस्टरडॅमच्या महापालिकेच्या इमारतीत काचेचे तीन नळ उभे आहेत आणि त्यांत पाणी आहे. पहिल्या दोन नळांतलं पाणी सावकाश वर-खाली होत असतं. आयमाउडन आणि फ्लिसिंगन या दोन ठिकाणी समुद्राची पातळी आत्ता किती आहे, ते त्यावरून कळतं. तिसऱ्या नळातलं पाणी हलत नाही. ते आपल्या डोक्याच्या बरंच वर, ४.५५ मीटरवर थांबलेलं आहे. १९५३ च्या जानेवारीच्या शेवटच्या रात्री झीलंड प्रांतात समुद्र एवढा चढला होता. त्या पुरात नेदरलँड्समधली १,८३६ माणसं गेली. जवळच एक पितळी खुंटी आहे. ती त्या देशाची शून्य पातळी. घर, रस्ता, बांध, पूल, सगळ्यांची उंची तिच्यापासून मोजायची. महापालिकेत कामासाठी आलेला माणूस या नळांजवळून जाता-येता मान वर करून ते तिसरं पाणी बघू शकतो.

तिथे उभा असताना मला चिपळूणच्या बाजारपेठेतली एक भिंत आठवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा एका दुकानदारानं पाणी ओसरल्यावर भिंतीवर रेघ ओढून खाली तारीख घातली होती. ती रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. दोन वर्षांनी गेलो तर दुकानाला नवा रंग लागला होता आणि रेघ गेली होती. दुकानदाराला दोष द्यायचा नाही. ज्यानं लाखोंचा माल चिखलात बघितला, त्यानं ती खूण रोज डोळ्यांसमोर का ठेवावी? पण एका गावानं पाण्याची उंची भर महापालिकेत मांडून ठेवली आहे आणि दुसऱ्या गावात ती एकट्या दुकानदाराच्या भिंतीवर होती, तीही रंगाखाली गेली. या दोन गोष्टींमधलं अंतर मला चार दिवस ॲमस्टरडॅमभर हिंडताना सुटलं नाही.

आपल्याकडून युरोपात जाणारे बहुतेक जण कालव्यांचं हे शहर तासाभराच्या बोटफेरीत बघतात. काचेच्या छपराची बोट, कानाला लावलेली माहिती, दोन्ही काठांवर उंच, अरुंद, विटांची घरं. परत आल्यावर आपण सांगतो, काय स्वच्छता, काय शिस्त. मीही हेच सांगत आलो असतो. पण मी रत्नागिरीचा. राजिवड्याच्या खाडीवर लहानाचा मोठा झालो. त्यामुळे त्या बोटीत बसल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न आला: या शहराचं पाणी पुढच्या दारी कसं राहिलं आणि आमचं परसदारी कधी गेलं?

पुढचं दार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. ॲमस्टरडॅमची जुनी घरं बघताना प्रत्येक घराच्या माथ्यावर, कमानीखाली, बाहेर आलेली एक तुळई दिसते आणि तिला लोखंडी आकडा असतो. घरं अरुंद, जिने इतके चिंचोळे की कपाट वर नेता येत नाही. म्हणून माल दोरखंडानं बाहेरून वर ओढायचा आणि खिडकीतून आत घ्यायचा. वर चढणारा माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकता बांधलेला आहे. मी प्रिन्सेनग्राख्टवर उभा असताना चार माणसं एक सोफा असाच वर चढवत होती. दोघे रस्त्यावर दोर धरून, दोघे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. खालून बघताना मला मांडवीच्या धक्क्यावर गलबतातून गोणी उतरवणारे हमाल आठवले. हे घर आणि गोदाम एकच होतं. होडी दारात लागायची, माल थेट माळ्यावर जायचा. व्यापाऱ्याचं घर पाण्याकडे तोंड करून होतं, कारण त्याचं पोट पाण्यावर होतं.

आणि हे सगळं माणसांनी ठरवून केलेलं आहे. ॲमस्टेल नदीवर बांध घालून वसलेल्या या कोळी-व्यापाऱ्यांच्या वस्तीचा पहिला लेखी उल्लेख १२७५ चा, जकातमाफीच्या एका सनदेतला. जमीन दलदलीची. घर उभं करायचं तर आधी लाकडी खांब वाळूच्या थरापर्यंत ठोकायचे. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत, आणि तिथल्या शाळेतल्या मुलांना हा आकडा पाठ असतो. १६१३ पासून शहराभोवती हेरेनग्राख्ट, कायझरग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्ट हे तीन मोठे कालवे अर्धवर्तुळात खणले गेले. रस्ते, भूखंड, पूल सगळं आधी आखून. २०१० मध्ये युनेस्कोनं या कालवापट्ट्याला जागतिक वारशात घेतलं. आपण जे बघायला जातो ती निसर्गाची देणगी नाही. चारशे वर्षांपूर्वीचा तो नगररचनेचा आराखडा आहे.

त्या आराखड्याला पैसा कुठून आला, हेही बघायला हवं, नाहीतर आपलं बघणं अर्धं राहील. शहराच्या जुन्या भागात डच ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी आहे. कंपनी १६०२ ची, इमारत त्यानंतर थोड्याच वर्षांतली. आज तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. अंगणात सायकली लावलेल्या असतात, पोरं पायऱ्यांवर बसून डबा खात असतात. मी त्या अंगणात बराच वेळ थांबलो, कारण मला वेंगुर्ल्याची वखार डोळ्यांसमोर दिसत होती. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद आणि किनाऱ्यावरचा व्यापार, दोन्हीसाठी ती जागा सोयीची होती. १९८१ पर्यंत वेंगुर्लं आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर गेलं आहे, भिंतींतून झाडांची मुळं उतरली आहेत. कंपनीचे संचालक ज्या इमारतीत बसत, तिथे आज विद्यार्थी बसतात. त्यांच्या वखारीत आमच्याकडे पाऊस बसतो. दोन्ही वास्तू एकाच इतिहासाच्या दोन टोकांना आहेत आणि बोटीतल्या कानातल्या माहितीत हे दुसरं टोक नसतं.

त्या इतिहासात मसाल्यांच्या वासाबरोबर माणसांची विक्रीही आहे. डच कंपन्यांनी आशियात आणि अटलांटिकपलीकडे गुलामांचा व्यापार केला. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक नोंद इथे सांगायलाच हवी. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना छत्रपती शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात माणसं गुलाम म्हणून विकत घेण्याला मनाई केली होती. त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, १ जुलै २०२१ रोजी ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीनं गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. जे शहर पुराची उंची झाकत नाही, त्याला आपलं पाप मांडायलाही, उशिरा का होईना, जमलं. हे दोन स्वभाव मला एकाच मुळाचे वाटतात.

आता रत्नागिरीकडे येतो.

आमच्या गावाचं तोंडही एकेकाळी पाण्याकडेच होतं. रत्नदुर्गाच्या खाली भगवती बंदर, पुढे मांडवीचा धक्का, वळून काजळी नदीच्या मुखाशी राजिवडा, पलीकडे भाट्ये. मुंबईहून येणारी बोट हा गावाचा दरवाजा होता. भाऊच्या धक्क्यावर चढलेला चाकरमानी इथे समुद्रातच बोटीतून पडावात उतरायचा, आणि पडाव त्याला धक्क्याला आणायचा. मी लहानपणी आईच्या कडेवरून असा उतरलो आहे. बोट आणि पडाव दोन्ही वेगवेगळ्या तालात हलत असतात. तांडेल ओरडतो तेव्हाच पाय उचलायचा, आधी नाही आणि नंतर नाही. आईनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं ट्रंकेची कडी धरली होती. पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने गाव जगापासून तुटल्यासारखं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राज्य हिरावून घेतल्यावर इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, त्यात या दुर्गमतेचा मोठा वाटा होता. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा ज्या उंचीवर आहे तिथून खाडीचं मुख आणि समुद्र दिसतो. ज्या वाटेनं त्याला आणलं ती वाट त्याला रोज दिसायची.

मग रस्ते झाले, एसटी आली, बोटीच्या फेऱ्या कमी होत होत थांबल्या, आणि १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिचं स्टेशन कुवारबावला, समुद्रापासून दूर. गाव सड्यावर चढायला लागलं. माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कोल्हापूरच्या रस्त्यानं पुढे पुढे. यात कुणाची चूक नाही. सोय जिथे, तिथे वस्ती. मीही आता सड्यावरच राहतो. पण गाव चढलं तसं त्यानं पाण्याकडे पाठ केली. खाडीकाठची जागा म्हणजे जिथे गटारांची तोंडं सोडायची, बांधकामाचा राडारोडा टाकायचा, पर्यटक आले तर तासभर उभं करायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्याला एक मोठं जहाज येऊन रुतलं, तेव्हा गावातली माणसं इतक्या वर्षांनी प्रथमच घोळक्यानं त्या बाजूला गेली. जहाजाचा फोटो काढून परत आली. मिऱ्याचा बंधारा दर पावसाळ्यात लाटा कशा खातात, ते मात्र तिथे राहणाऱ्यांनीच बघायचं.

इथे मला माझंच वाक्य दुरुस्त करायला हवं. 'गावानं पाठ केली' असं मी म्हणतो, तेव्हा मी माझ्यासारख्या माणसांना गाव म्हणत असतो. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे चारला जा. ट्रॉलर लागलेले असतात, बर्फ फुटत असतो, टोपल्या डोक्यावरून पळत असतात, लिलावाचे आवाज चढत असतात. राजिवड्यात दारात जाळी विणणारे हात दिसतील. दालदी, खारवी, भोई, गाबीत, या किनाऱ्यावरच्या लोकांनी पाण्याकडे कधी पाठ केली नाही. त्यांना ते परवडलंच नसतं. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते आमच्या शाळांत शिकवलं जात नाही.

एक उदाहरण देतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी. पुनव-अवसेला उधाण. घड्याळ, पंचांग आणि चंद्र एका साध्या गुणाकारात बांधणारा हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आला. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आणि हा हिशेब निवृत्तीनंतर राजिवड्यातल्या एका वृद्ध तांडेलाकडून शिकलो. काचेच्या नळांचं कौतुक करताना हे मला विसरता येत नाही. ॲमस्टरडॅमनं जे यंत्रानं सगळ्यांसमोर मांडलं, ते आमच्याकडे काही माणसांच्या डोक्यात आहे. फरक ज्ञानाचा नाही. ते ज्ञान गावाच्या मधोमध आहे की कडेला, एवढाच.

आता उलट बाजूनं एक गोष्ट. कालव्यांची शहरंही पाण्याकडे पाठ करून बसली होती. ॲमस्टरडॅमचे कालवे शतकानुशतकं शहराची गटारं होते. उन्हाळ्यात श्रीमंत माणसं दुर्गंधीला कंटाळून बाहेरगावच्या बंगल्यांत राहायला जात. एकोणिसाव्या शतकात गरिबांच्या योर्दान वस्तीतले कालवे एकामागून एक बुजवून रस्ते केले गेले. रोझेनग्राख्ट १८८९ मध्ये बुजला. नावात कालवा राहिला, पाणी गेलं. १९५४ मध्ये तर शहराच्या पोलीसप्रमुखांनी, कासयागर त्यांचं नाव, वाहतुकीसाठी आणखी कालवे बुजवण्याची योजना मांडली. मोटारी वाढत होत्या, जागा हवी होती, कालवे रिकामेच दिसत होते. नागरिकांनी ओरड केली आणि योजना बारगळली. म्हणजे आज आपण ज्या पाण्यातून बोटीनं फिरतो, ते १९५४ साली नाही म्हणणाऱ्या माणसांमुळे उरलं आहे.

युत्रेख्ट शहरात तर त्याहून पुढची गोष्ट घडली. तिथे १९७० च्या दशकात जुन्या खंदकाचा एक भाग बुजवून त्यावर रुंद मोटाररस्ता केला होता. २००२ मध्ये लोकांनी मतदानानं सांगितलं की आम्हाला पाणी परत हवं. सप्टेंबर २०२० मध्ये त्या जागी पुन्हा पाणी आलं. रस्ता उखडून. त्याला अठरा वर्षं लागली, पण झालं.

बेल्जियममधलं ब्रुज हे आणखी एक कालव्यांचं शहर. मध्ययुगात ते उत्तर युरोपच्या व्यापाराचं केंद्र होतं, कारण झ्विन नावाच्या खाडीनं ते समुद्राला जोडलेलं होतं. खाडी गाळानं भरत गेली, जहाजं येईनाशी झाली, व्यापार अँटवर्पला गेला. पुढची तीनचारशे वर्षं ब्रुज झोपलं. आज तिथले पर्यटक ज्या न बदललेल्या मध्ययुगाचं कौतुक करतात, ते गाळानं घडवलेलं आहे.

गाळाची ही गोष्ट आम्हा रत्नागिरीकरांना नवी नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. बहमनी राजवटीत अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. राजापूर, जिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती मारली. १८८० च्या सरकारी गॅझेटिअरनं तेव्हाच नोंदवलं होतं की मोठी गलबतं आता राजापूरच्या जुन्या धक्क्यापर्यंत पोचत नाहीत. चिपळूणचं गोवळकोट बंदर. ज्या खाड्यांतून गलबतं गावात यायची, त्याच खाड्या उथळ होत गेल्या आणि मग त्यांतून पूर गावात यायला लागला. डोंगर उघडे होतात, माती सुटते, नदीच्या पोटात बसते. पावसाला जागा उरत नाही. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले. गाळ हा राजकारणाचा विषय झाला, हे मला फार मोठं पाऊल वाटतं. लोकांनी नदीचा तळ मागितला. डचांचं पाण्याचं राजकारण याच मागणीवर उभं आहे.

यावर माझे मित्र जे म्हणतात, ते खरं आहे आणि ते डावलून चालणार नाही. पहिलं, त्यांच्याकडे पैसा आहे, आणि तो कुठून आला ते वर सांगितलंच. दुसरं, त्यांचं पाणी दरवाजांत कोंडलेलं आहे. पातळी ठरवून ठेवता येते. आमच्याकडे उधाणाला खाडी दोन मीटरांहून जास्त चढते-उतरते. तिसरं, वर्षभरात तिथे साधारण आठनऊशे मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिन्यांत विभागलेला. आमच्याकडे तीन हजारांच्या वर, आणि सगळा चार महिन्यांत. चौथं, कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. या गणिताला ॲमस्टरडॅमचं उत्तर लागू पडत नाही. काठाला चिऱ्यांचा कठडा घालून, दिवे लावून, बाकं मांडून रत्नागिरीचं ॲमस्टरडॅम होणार नाही, आणि तसं करू पाहणारी प्रत्येक सुशोभीकरणाची योजना भरतीच्या पाण्याला जागा नाकारून पुढच्या पुराची सोय करत असते.

पण डचांकडून घेण्यासारखं जे आहे, ते कठड्यांत नाही, संस्थेत आहे. तिथे पाणी-मंडळं आहेत. तेराव्या शतकापासून चालत आलेली, आज एकवीस. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि ती स्वतंत्र कर घेतात. बांध, दरवाजे, पातळी, गाळ, पाण्याची शुद्धता हे त्यांचं मुख्य काम. रस्ता बांधायला पाण्याचा पैसा वळवता येत नाही. आणि हे आपल्याला परकं आहे असं कुणी म्हणू नये. कोकणानं समुद्राकडून जमीन मिळवली ती अशीच. खाडीकाठी बांध घालायचा, उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं गोडं पाणी उघाडीतून बाहेर जातं, भरतीला झापा आपोआप मिटतात आणि खारं पाणी आत येत नाही. मागे खाजणात भात पिकतं. पेण-अलिबागकडे शिलोत्री पद्धत होती. ज्यानं बांध घातला आणि राखला तो शिलोत्रदार, आणि त्या बांधामागे शेती करणारे त्याला बांधाच्या देखभालीसाठी पिकातला ठरलेला हिस्सा देत. त्या पद्धतीत जुलूम होता, जमीनदारीचे सगळे दोष होते. ती परत आणा असं मी म्हणत नाही. पण पाण्यासाठी वेगळा हिस्सा, वेगळी जबाबदारी आणि दरवर्षीची देखभाल हा विचार आपला होता. पुढे तो सरकारच्या खात्याकडे गेला. बांध फुटला की शेतकरी अर्ज घेऊन कचेरीत जायला लागला, आणि बांध राखण्याची गावाची सवय सुटली. मला वाटतं खरं नुकसान तिथे झालं.

पाणी पुढच्या दारी ठेवणं म्हणजे त्याची रोज उस्तवार करणं. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी दहा-बारा हजारांहून जास्त सायकली वर काढतात. तळ उपसतात. आठवड्यातून काही वेळा दरवाजे मिटून पंपानं ताजं पाणी आत घेतात आणि जुनं बाहेर ढकलतात. सप्टेंबर २०२० मध्ये शहराच्या मध्यावर कालव्याची एक जुनी भिंत कोसळली, तेव्हापासून भिंतींच्या दुरुस्तीचं काम चालू आहे आणि ते कित्येक वर्षं चालणार आहे. इतकं करणारी शहरंही चुकतात, हे व्हेनिसकडे बघून कळतं. पाणी पुढच्या दारी आहे, पण दारातलं घर रिकामं होत चाललं. २०२२ मध्ये जुन्या व्हेनिसची लोकवस्ती पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत एक दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. शहरात शिरायला तिकीट. मिरकरवाड्याच्या मासळीच्या वासाला नाक मुरडून तिथे फक्त हॉटेलं आणि फिरायचा कट्टा हवा असं जे म्हणतात, त्यांनी व्हेनिसची ही गोष्ट ऐकावी. बंदर हलवून बंदराचं चित्र ठेवलं, तर ते चित्र बघायला येणारे राहतील, राहणारे राहणार नाहीत.

मग रत्नागिरीनं काय करावं? मी नगररचनाकार नाही. पण तीन गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्यांना मोठ्या निधीची वाट बघायला नको. एक, पाण्याची उंची सार्वजनिक करा. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, संगमेश्वर, प्रत्येक गावात जिथे माणसांचं रोजचं जाणं-येणं आहे तिथे दगडात पुराची खूण कोरा. कुणाच्या भिंतीवर नको, गावाच्या दगडावर. दोन, आमच्या शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, खाडीवर न्या आणि शिकवायला तांडेलाला बोलवा, मानधन देऊन. तीन, खाडीचा तळ किती वर आला, हे दरवर्षी मोजून तो आकडा पाणीपट्टीच्या बिलावर छापा. माणूस ज्याचं बिल भरतो त्याची चौकशी करतो.

परत आल्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला मी राजिवड्यात गेलो. सव्वाअकराला भरती, म्हणून अकराला पोचलो. तो वृद्ध तांडेल नेहमीच्या दगडावर होता. मी मोबाईलवर त्याला कालव्यांचे फोटो दाखवले. त्यानं घरं बघितली नाहीत, पाणी बघितलं. बोटानं फोटो मोठा करून काठाच्या भिंतीवरचा ओला पट्टा शोधला. पट्टा नव्हता.

"सर, इथे भरती नाय येत?"

"नाही चाचा. समुद्राच्या तोंडाशी दरवाजे घातलेत."

"मग हे पाणी जुनंच?"

मी सांगितलं, पंपानं बदलतात, आठवड्यातून काही वेळा. रात्री दरवाजे लावून आतलं बाहेर काढतात, नवीन घेतात. तो काही वेळ विचारात पडला. खर्च किती येत असेल, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. खाली पायऱ्यांवर पाणी चढत होतं. एकेक करत तीन पायऱ्या बुडाल्या. काठाला अडकलेली एक प्लास्टिकची पिशवी सुटली आणि आत, काजळीच्या दिशेनं निघाली.

"ओहोटीला परत येईल ती," तांडेल म्हणाला. "संध्याकाळी इथेच असेल. कुणी उचलली नाही तर."

संध्याकाळी साडेपाचला मी पुन्हा गेलो. पिशवी पायरीवर होती, चिखलानं माखलेली, आणि तिच्यासोबत आणखी सात. मी त्या उचलल्या.